गाजरगवताची कटुता व मेक्सिकोचा भुंगेरा

कंधारच्या परिसरात पावसाळा संपता संपता पडीक जागा आणि रस्त्यांच्या कडा ज्या बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातात, ते गाजरगवत होय. ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. अमेरिकेने पी. एल. ४८० कायद्यान्वये पाठविलेल्या गव्हाबरोबर ती आली, अशी समजूत रूढ आहे. परंतु कालक्रम तिला अनुकूल नाही. त्या कायद्यान्वये भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, तर पुण्यात हे गवत १९५५ मध्येच आढळले होते. कंधार तेव्हा हैदराबाद राज्यात होते. शिवाय कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाच्या १८१४ च्या यादीतही तिचे नाव आहे. करारापूर्वीच्या, १९५१ च्या अमेरिकन धान्याशी तिचा संबंध जोडता येईल; पण लोकांनी दोष दिला तो मात्र नंतरच्या गव्हाला.

या गवताला येथील कीटक सहसा का खात नाहीत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पानांवरील सूक्ष्म ग्रंथियुक्त केसांत पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य साठते. ते सेस्क्विटर्पीन लॅक्टोन वर्गातील असून प्रथिनांतील गंधकयुक्त घटकांशी संयोग पावते. माणसाच्या त्वचेला दाह होतो तो याच वर्गातील द्रव्यांमुळे. ज्या कीटकांचा या द्रव्याशी पिढ्यानपिढ्यांचा परिचय नाही, त्यांना हे अन्न मानवत नाही. आणि ज्यांना ते मानवते, ते समुद्रापलीकडेच राहिले. जुने शत्रू मागे राहिल्यावर वनस्पती संरक्षणावरील खर्च कमी करून वाढीवर अधिक करील, असे अनुमान ब्लॉसी व नॉटझोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडले. ते सर्वत्र लागू पडत नाही. अनोळखी कीटकांविरुद्ध जुने विष अजूनही उपयोगी पडतेच.

या तटबंदीला भगदाड पाडण्यासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोहून 'झायगोग्रामा बायकलराटा' हा भुंगेरा बंगलोरला आणला गेला व १९८४ मध्ये मोकळा सोडण्यात आला. भुंगेरे व अळ्या दोघेही गाजरगवताची पाने खातात. इतरांना नकोसा असणारा आहारच त्यांचा नेहमीचा. पुढे हा भुंगेरा सूर्यफुलावरही दिसला व वाद उद्भवला. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही शंका क्षुल्लक नव्हती, कारण लातूर भागात सूर्यफूल हे पैशाचे पीक होते. १९९३ मधील प्रयोगांत असे दिसले की, गाजरगवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडले असता भुंगेरा ती पाने कुरतडू लागतो. म्हणजे परक्यांना दूर ठेवणाऱ्या या वनस्पतीचा अंश तिच्या स्वकीय शत्रूला जेवणाचे आमंत्रण ठरतो.

तरीही गवत टिकून राहिले. भुंगेरा हिवाळ्यात व उन्हाळ्यात जमिनीत निद्रिस्त असतो आणि पाऊस पडल्यावर बाहेर येतो. मानार नदीच्या खोऱ्यात जेथे कालव्याचा ओलावा मिळतो, तेथे गाजरगवत मात्र रब्बीतही उगवते. एकेक रोप हजारो बिया टाकते आणि भुंगेरा जागा होण्यापूर्वीच नव्या पिढीचे बी मातीत जमा झालेले असते.