बी विंगमागची माती

आपल्या सोसायटीचा इतिहास 2001 च्या नोंदणीपासून सांगतात. जमिनीचा त्याआधीचा आहे. इथे छोटा रंगाचा कारखाना होता. पाया खणताना निळसर-काळी, उग्र वासाची माती निघालेली मी स्वतः पाहिली. "जुना गाळ आहे हो," बिल्डर म्हणाले. चार ट्रक बाहेर गेले, उरलेल्यावर भराव पडला. आम्हालाही ताब्याची घाई होती, खोटं कशाला बोलू?

पुढे लंडनला मुलीकडे गेलो असताना स्ट्रॅटफर्डच्या ऑलिम्पिक पार्कात फिरलो. तिथेही पूर्वी कारखाने. मातीत तेल, डांबर, शिसं, आर्सेनिक. 2012 च्या खेळांआधी त्यांनी माती तपासली आणि यंत्रांत पाण्याने धुऊन चाळली. घाण बारीक गाळाला चिकटते, वाळू-खडी बरीच स्वच्छ निघते. गाळ वेगळा काढून बहुतेक माती तिथेच वापरली. गवत त्यानंतर.

आता आपण ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र घेतोय. सोलर झालं. पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा बी विंगमागे ठरलाय, नेमका जिथे रंगाची पिंपं असायची तिथे! पाणी त्या मातीतून जिरणार आणि आपल्याच बोअरवेलकडे जाणार. लीडसारख्या पद्धतीत दूषित जमीन साफ केल्याचेही गुण मिळतात म्हणे. गुणांचं राहू द्या. खड्ड्याआधी पाच ठिकाणची माती प्रयोगशाळेत पाठवा, असं मी कमिटीला लेखी दिलंय. एका नमुन्याचे पैसे माझ्याकडून.