शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे आपण सहज म्हणून जातो. डॉक्टर खोलीबाहेर येतात, मान हलवतात, नातेवाईक देवाला हात जोडतात आणि पेढे वाटले जातात. परंतु यश म्हणजे काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. रोगी टेबलावरून जिवंत उतरला, हे यश का? तो महिन्याने घरी आला, हे यश का? की वर्षाने कामावर रुजू झाला आणि पाच वर्षांनी मुलीच्या लग्नात उभा राहिला, हे यश? हृदयाच्या शस्त्रक्रियेचा व यकृतरोपणाचा इतिहास म्हणजे वास्तविक या एका प्रश्नाचा इतिहास होय. आम्ही काही वैद्य नव्हे. शाळेचे शिक्षणही आमच्या वाट्याला बेताचेच आले. परंतु कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेल्यामुळे मस्टर, हिशेब आणि त्यांतली गाळलेली नावे यांच्याशी आमचा चांगला परिचय आहे. तेवढ्या भांडवलावर हा विषय श्रोत्यांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

या इतिहासाचे एक मोठे प्रकरण आपल्याच मुंबईत, परळला, केईएम रुग्णालयात घडले. १९२६ साली हे रुग्णालय व त्याला जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. येथील अध्यापक भारतीयच असले पाहिजेत, अशी देणगीदारांची अट होती. आपल्या कडेगाव-खानापूर भागातली किती माणसे गिरणगावात खोल्यांतून दाटीवाटीने राहिली, बदली कामगार म्हणून साच्यावर उभी राहिली आणि आजारी पडल्यावर याच रुग्णालयाच्या पायऱ्या चढली, हे येथील वृद्धांस सांगावयास नको. गिरणगावचे रुग्णालय ते हेच.

या रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे छातीच्या शस्त्रक्रियेचे अध्वर्यू होते. १९६७ च्या ३ डिसेंबरला दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचे हृदय माणसाच्या छातीत प्रथम बसविले. तो रोगी १८ दिवस जगला. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, १९६८ च्या फेब्रुवारीत, डॉ. सेन यांनी केईएममध्ये एका तरुण शेतकऱ्यावर हीच शस्त्रक्रिया केली. जगातील ती सहावी आणि आशिया खंडातील पहिली. डॉ. सेन यांनी त्यापूर्वी काही वर्षे कुत्र्यांवर प्रयोग करून हात बसविलेला होता. तेव्हा हा उतावळेपणा होता, असे कोणी म्हणू नये. तरी रोगी सुमारे ३ तासांत दगावला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दुसरी शस्त्रक्रिया झाली. तो रोगी सुमारे १४ तास जगला.

या दोन मृत्यूंकडे कसे पाहावे? अभिमानाने पाहणारे म्हणतात, आशियात पहिला मान आमचा. टीका करणारे म्हणतात, दोन्ही वेळा अपयश. आमच्या मते दोघेही अर्धेच पाहतात. पहिल्या रोग्याच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विरोध फार वाढलेला होता. निरोगी माणसाचे हृदय अशा चढावर रक्त ढकलण्यास सरावलेले नसते. म्हणून नवे हृदय उजव्या बाजूने थकले. आज जगात कोठेही हृदयरोपण करण्यापूर्वी फुप्फुसांतील हा दाब मोजतात आणि तो फार असेल तर बेत बदलतात. अशा अनेक रोग्यांच्या मरणातून हा नियम निघाला. मरण लिहून ठेवले म्हणून निघाला. कारण न लिहिता केवळ 'देवाची इच्छा' असे म्हटले असते, तर पुढचा रोगीही त्याच चढावर थांबला असता.

१९६८ या एका वर्षात जगभर शंभरावर हृदयरोपणे झाली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली. परंतु बहुतेक रोगी काही महिन्यांतच गेले, कारण शरीर परक्या अवयवास शत्रू समजते. मग एकामागून एक रुग्णालयांनी हे काम बंद केले. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील डॉ. नॉर्मन शमवे यांनी मात्र ते चालू ठेवले. प्रत्येक रोग्याचे पुढे काय झाले, शरीराने अवयव कधी नाकारला, हे ते व त्यांचे सहकारी टिपत राहिले. पुढे हृदयाचा बारीक तुकडा काढून नकाराची चाहूल आधीच ओळखण्याची रीत निघाली. आणि १९८० च्या सुमारास सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आले. तेव्हा कोठे आशा बळावली.

यकृताची कथा याहून कठोर आहे. १९६३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी पहिले यकृतरोपण केले. ते बालक रक्तस्रावाने टेबलावरच गेले. त्यानंतरच्या काही रोग्यांपैकी एकही २३ दिवसांहून अधिक जगला नाही. स्टार्झल यांनी आपण होऊन काम थांबविले, प्रयोगशाळेत परत गेले आणि १९६७ साली पुन्हा आरंभ केला. तेव्हा प्रथमच रोगी वर्षाहून अधिक जगला. आकडा वाईट आहे हे पाहून हात आवरणे, हेही शास्त्रच होय. १९८३ साली अमेरिकेच्या तज्ज्ञ परिषदेने यकृतरोपणास प्रयोग न मानता उपचार मानले. वीस वर्षांच्या हिशेबाचा हा निकाल होता.

आपल्या देशात अडचण आणखी एक होती. मेंदू मृत झाला पण हृदय चालू आहे, अशा माणसास कायद्याने मृत मानावे की नाही, याचा निर्णयच नव्हता. १९९४ च्या मानवी अवयवरोपण कायद्याने तो झाला. हा कायदा आरंभी ज्या थोड्या राज्यांस लागू झाला, त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत डॉ. वेणुगोपाळ यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीतच यकृतरोपण झालेले वीस महिन्यांचे बालक पुढे मोठे होऊन स्वतः डॉक्टर झाले. मुंबईत मात्र डॉ. सेन यांच्यानंतर ४७ वर्षे लोटली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडच्या एका रुग्णालयात तरुणाच्या छातीत बसले. २०२४ साली केईएमनेही पुन्हा हृदयरोपण केले.

येथवर पराक्रम झाला. आता हिशेबाकडे वळू. हिशेबाशिवाय शस्त्रक्रिया कशी फसवते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५० नंतरच्या काळात छातीतील एक रक्तवाहिनी बांधून टाकली की हृदयाला जास्त रक्त मिळते आणि छातीची कळ थांबते, असा समज पसरला. रोगीही बरे वाटते असे सांगत. १९५९ साली अमेरिकेत १७ रोग्यांवर परीक्षा झाली. काहींची रक्तवाहिनी बांधली. काहींची फक्त कातडी कापून शिवली. कोणाचे काय केले, हे रोग्यांस ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील माणसांनी बरे वाटते असेच सांगितले! त्यानंतर ती शस्त्रक्रिया मागे पडली. रोग्याचा विश्वास खोटा नव्हता, डॉक्टरही लबाड नव्हते. तुलना तेवढी कोणी केलेली नव्हती.

परंतु नुसते मोजून भागत नाही. ते उघड करावे लागते. बोस्टनचे डॉ. अर्नेस्ट कॉडमन म्हणत, प्रत्येक रोग्याची वर्षभराने चौकशी करा आणि निकाल छापा. मोठ्या रुग्णालयाने ते मानले नाही, म्हणून १९१४ साली त्यांनी तेथील जागा सोडली. आपल्या छोट्या रुग्णालयातील ३३७ रोग्यांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात १२३ चुका स्वतःच दाखविल्या. हे वेड लोकांस पटावयास पाऊणशे वर्षे लागली. १९८९ पासून न्यूयॉर्क राज्याने हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतील मृत्यू रुग्णालयवार मोजावयास आरंभ केला. १९८९ मध्ये शेकडा ३.५२ रोगी दगावत. १९९२ मध्ये शेकडा २.७८. याच्या उलट इंग्लंडातील ब्रिस्टल येथे लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचे निकाल वाईट असल्याचे भूल देणारे डॉ. स्टीफन बोल्सिन सांगत होते; ते ऐकण्यास फार उशीर झाला. २००१ च्या चौकशी अहवालानुसार, १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके तेथे अधिक दगावली. त्या मातांस आकडा आधी दिसला असता, तर?

येथे कोणी म्हणेल, आकडे जाहीर केले तर डॉक्टर अवघड रोगी घेणारच नाहीत. हा आक्षेप खरा आहे; न्यूयॉर्कातही तो निघाला. उक्त्या कामावर मजूर हलकी मोळी शोधतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून वय, मधुमेह, मूत्रपिंडांची अवस्था असे रोग्याचे ओझे आधी तोलून मग निकालाची तुलना करण्याच्या रीती निघाल्या. युरोपात सुमारे १९ हजार रोग्यांच्या नोंदींवरून १९९९ साली हृदयशस्त्रक्रियेसाठी असे गुणपत्रक तयार झाले. यकृताच्या बाबतीत २००२ पासून अमेरिकेत रक्ताच्या तपासण्यांवरून रोग्याचा आकडा काढतात आणि जो अधिक संकटात त्याला अवयव आधी देतात. तेथे रांगेत पुढे कोण, हे ओळखीपाळखीने न ठरता आजाराने ठरते. गरिबाच्या दृष्टीने ही लहान क्रांती नव्हे.

आता आपल्या दाराशी येऊ. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडणे हा दाटीत राहणाऱ्या गरिबांचा रोग. झडप बदलली, शस्त्रक्रिया यशस्वी झाली असा कागद मिळाला. पण धातूची झडप बसविल्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते. ऊसतोडीला गेलेल्या बाईने ती कोठे करावी? गोळी चुकली, गुठळी झाली आणि माणूस घरी गेला, तर तो मृत्यू कोणाच्या वहीत? पैसा संपला म्हणून नातेवाईक अत्यवस्थ रोग्यास सही करून घरी नेतात. त्याचे मरण रुग्णालयाच्या हिशेबाबाहेर राहते. आम्हांस हे ओळखीचे वाटते. ठेकेदाराच्या माणसाचे नाव मस्टरवर नसते, म्हणून त्याचा अपघातही कारखान्याच्या वहीत नसतो, आणि वर्षअखेर फलकावर अपघात शून्य असे लिहिले जाते.

२०१२ पासून जीवनदायी योजनेतून, जी आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते, हृदयाच्या शस्त्रक्रियांचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. ही मोठी गोष्ट आहे, आणि ती टिकली पाहिजे. परंतु पैसा जनतेचा असेल तर हिशेबही जनतेस मिळाला पाहिजे. किती शस्त्रक्रिया झाल्या एवढ्यावर न थांबता, किती माणसे महिन्याने, वर्षाने व पाच वर्षांनी जिवंत होती आणि किती कामावर परतली, हे रोग्यांचे ओझे तोलून, रुग्णालयवार छापले पाहिजे. या मागणीत डॉक्टरांवर अविश्वास नाही. चांगल्या डॉक्टरास या हिशेबाचे भय नसते. उलट तोच त्याचा साक्षीदार असतो.

आणि सरकार छापील तेव्हा छापील. तोवर आपणही काही करू शकतो. आमच्या संघटनेत एक साधी वही आहे. शस्त्रक्रियेस गेलेल्या सभासदाचे नाव, तारीख, आणि पुढे महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने केलेली विचारपूस तीत लिहितात. गोळ्या मिळतात का, तपासणी झाली का, हलके काम मिळाले का. अशी वही प्रत्येक गावात, प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक तरुण मंडळात ठेवता येईल. तिला पैसा लागत नाही, चिकाटी लागते. परळच्या त्या तरुण शेतकऱ्याचे तीन तास लिहून ठेवले गेले, म्हणून जगाच्या ज्ञानात त्यांची भर पडली. आपल्या माणसांची वर्षे तरी आपण लिहून ठेवावीत, एवढीच श्रोत्यांस विनंती आहे.