त्रुटी-दुरुस्ती संकेत : शेतीच्या वाफ्यांपासून डेटा सेंटरपर्यंत कोलकात्याचा वारसा

कोलकाता – मोठ्या डेटा सेंटरमध्ये एखादी डिस्क बंद पडणे ही नित्याची घटना असते. तरीही बँकांच्या नोंदी किंवा रुग्णालयांचे अहवाल शाबूत राहतात, ते त्रुटी-दुरुस्ती संकेतांमुळे. या संकेतांमागील गणिताचा एक महत्त्वाचा प्रवाह कोलकात्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेत शेतीच्या प्रयोगांतून उगम पावला.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये ही संस्था स्थापन केली. तेथे राजचंद्र बोस यांच्यापुढे प्रश्न होता तो पिकांच्या चाचण्यांचा : कोणत्या वाफ्यात कोणते वाण लावल्यास तुलना निःपक्ष ठरेल? बोस यांनी त्यासाठी सांत क्षेत्रांचा, म्हणजे ज्यांत चारही अंकगणिती क्रिया करता येतात अशा मर्यादित संख्यासमूहांचा, आधार घेतला. १९३९ मध्ये त्यांनी अशा संतुलित रचना तयार करण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या.

१९४९ मध्ये बोस अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले. पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झालेले शरच्चंद्र श्रीखंडे हे तेथील त्यांचे विद्यार्थी. या दोघांनी अर्नेस्ट पार्कर यांच्यासह १९५९ मध्ये लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलर यांचे अठराव्या शतकातील अनुमान चुकीचे ठरवले.

१९६० मध्ये बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार राय-चौधरी यांनी संकेतांचा नवा वर्ग मांडला. फ्रान्सच्या ॲलेक्सी ओकेंगेम यांनी तो १९५९ मध्ये स्वतंत्रपणे शोधला होता. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘बीसीएच’ हे नाव मिळाले. किती चुका दुरुस्त व्हायला हव्यात हे आधी ठरवून त्यानुसार संकेत रचता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य. क्यूआर कोडच्या स्वरूपाची माहिती याच पद्धतीने जपली जाते. १९६० मध्येच मांडले गेलेले रीड-सॉलोमन संकेतही याच कुळातील आहेत.

साठवणुकीतील मूळ कल्पना सोपी आहे. ७ आणि ५ या संख्यांसोबत त्यांची बेरीज १२ वेगळ्या डिस्कवर ठेवली, तर तिन्हींपैकी कोणतीही एक हरवली तरी उरलेल्या दोहोंवरून ती काढता येते. रीड-सॉलोमन पद्धतीत माहितीच्या १० तुकड्यांना ४ पूरक तुकडे जोडल्यास १४ पैकी कोणतेही ४ नष्ट झाले तरी मूळ माहिती परत मिळते. त्यासाठी जागा केवळ ४० टक्के जादा लागते. प्रत्येक माहितीच्या तीन प्रती ठेवल्यास २०० टक्के जादा जागा लागते आणि कोणत्याही दोनच डिस्क गमावल्या तरी माहिती वाचण्याची हमी असते.

मात्र बचतीला किंमत आहे. एकच तुकडा पुन्हा घडवायचा तरी इतर १० तुकडे नेटवर्कवरून मागवावे लागतात. दुरुस्तीचा हा भार कमी करण्याच्या प्रयत्नांत बोस यांच्या विषयातील संतुलित रचना पुन्हा उपयोगी पडल्या. सलीम एल रुएहेब आणि कन्नन रामचंद्रन यांनी २०१० मध्ये अशा रचनांवर आधारित पद्धत मांडली.

तिच्यातील एका उदाहरणात माहितीचे ६ तुकडे आणि १ पूरक असे ७ तुकडे ७ डिस्कवर ठेवले जातात. प्रत्येक डिस्कवर ३ तुकडे, प्रत्येक तुकडा ३ डिस्कवर आणि कोणत्याही दोन डिस्कमध्ये नेमका एक तुकडा सामाईक, अशी मांडणी असते. एक डिस्क बिघडल्यास तिचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या डिस्कवरून, कोणतीही आकडेमोड न करता, उतरवून घेता येतात. एकाच वेळी तीन डिस्क गेल्या तरी जास्तीत जास्त एकच तुकडा पूर्णपणे हरवतो आणि तो उरलेल्या सहांवरून परत मिळतो. येथे जागा अधिक खर्च होते, पण दुरुस्ती सुलभ होते.

वाणांच्या जागी माहितीचे तुकडे आणि वाफ्यांच्या गटांच्या जागी डिस्क ठेवल्या की दोन्ही प्रश्नांचे गणित एकच ठरते. बोस यांचे १९८७ मध्ये निधन झाले, तेव्हा आजची डेटा सेंटर अस्तित्वात नव्हती.