घाट उतरणारे हात : सिंधुदुर्गातील अवजड वाहनचालकांचा व्यवसाय

मालवणच्या किनारपट्टीवर अवजड वाहन चालवण्याचा व्यवसाय उशिरा रुजला, आणि त्याचे कारण रस्त्यांच्या अभावाइतकेच समुद्राच्या सोयीतही शोधावे लागते. विजयदुर्ग, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले ही बंदरे आधी गलबतांनी व पुढे आगबोटींनी मुंबईशी जोडलेली असल्यामुळे माणूस आणि माल दोन्ही पाण्याच्या वाटेने जात, आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की गावे आपापल्या खाड्यांच्या आत कोंडली जात. घाटमाथ्याशी असलेला व्यवहार वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर चाले. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जात, धान्य आणि गूळ खाली येई.

या व्यवस्थेत चाक आणले ते वेंगुर्ल्याच्या व्यापाराने. 1812 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलेले हे बंदर बेळगावकडील मुलखाचे समुद्रद्वार होते, आणि आधी रामघाटाने, पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीच्या म्हणजेच पारपोलीच्या घाटाने बैलगाड्यांची वर्दळ सुरू झाली. परंतु 1888 मध्ये मुरगाव बंदरातून निघालेला लोहमार्ग घाट चढून कॅसलरॉकपर्यंत पोहोचला, तेव्हा हा माल तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याच्या गाडीवाल्यांचा धंदा ओसरला. रस्ता मात्र राहिला, आणि विसाव्या शतकातील मोटारचालकाला तो आयता मिळाला.

मोटारवाहतूक प्रथम खाजगी मालकांच्या हाती होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण केले. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली सरकारी बस धावली, 1950 च्या केंद्रीय कायद्याने मार्ग परिवहन महामंडळांना वैधानिक आधार मिळाला, आणि एसटी कोकणातही पसरली. 1981 मध्ये सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर एसटीच्या येथील विभागाचे केंद्र कणकवली राहिले.

इथल्या चालकाचे कौशल्य वेगात नव्हे, उतरण्यात दिसते. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे, आणि फोंडा, करूळ व भुईबावडा हे घाटही थोड्याच अंतरात किनारी मुलखाला देशावर नेऊन सोडतात. भरलेली गाडी उतारावर केवळ ब्रेकवर सांभाळली, तर घर्षणाने ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. म्हणून चालक खालचा गिअर घालून इंजिनच्याच अवरोधाने वेग आवरतो, आणि ब्रेक वळणापुरता राखून ठेवतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये दात आपोआप जुळत नसल्यामुळे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबून इंजिनची गती अंदाजाने साधावी लागे, आणि हा अंदाज उतरण चालू असताना चुकला तर गिअर लागतच नसे. त्यात आंबोलीला वर्षाकाठी 7,000 मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस, धुके आणि दरडी. अरुंद उतारावर खाली येणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी हा नियम 1989 च्या रस्ता-नियमावलीतही होता. चढावर थांबलेली अवजड गाडी पुन्हा हलवणे किती कठीण, हे ज्याने कधी तरी केले आहे त्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही.

एसटी चालकाच्या नोकरीला एक दुसरी, सामाजिक बाजूही होती. वस्तीची गाडी, म्हणजे संध्याकाळी आडगावी जाऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परतणारी बस, ही गावाची बाजाराशी, शाळेशी आणि दवाखान्याशी असलेली दोरी होती. तिच्या चालक-वाहकांचा मुक्काम गाडीतच किंवा गावात मिळेल त्या आसऱ्याला पडे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली असली, तरी घराबाहेरची रात्र या तासांत सहसा मोजली जात नसे, आणि गणपतीच्या जादा गाड्यांच्या दिवसांत तर घरच्या गणपतीपेक्षा चाकरमान्यांचा गणपती आधी येई. रेडीच्या लोहखनिजाचे आणि कासार्डे परिसरातील सिलिका वाळूचे ट्रक चालवणाऱ्यांना एवढाही आस्थापनेचा आधार नव्हता.

26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी कोलाड ते वेर्णा अशी भरलेले ट्रक चालकासह सपाट वाघिणींवर चढवून नेणारी सेवा सुरू झाली. ज्याचे सगळे कसब उतारावर खर्ची पडत असे, तो चालक आता आपल्याच केबिनमध्ये प्रवासी झाला. घाट मात्र रेल्वेच्या वाटेत नव्हते, त्यामुळे कोल्हापूर व बेळगावकडची वाहतूक रस्त्यावरच राहिली.

निवृत्तीत या कसबाची किंमत फारच थोडी ठरली. एसटीचे कर्मचारी राज्य सरकारचे कर्मचारी नसल्यामुळे त्यांना 1995 ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली; तीत निवृत्तिवेतनयोग्य पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागतात, आणि हा पगार 15,000 रुपयांपर्यंतच धरला जातो, म्हणून तीस वर्षे घाट उतरलेल्या चालकालाही महिन्याला 7,000 रुपयांच्या आतच रक्कम पडते. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस महामंडळ सरकारात विलीन करावे या मागणीसाठी सुरू झालेला राज्यव्यापी संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. विलीनीकरण झाले नाही.