दहा वर्षं कॅसेटमध्ये

पुण्याहून रात्रीच्या बसने हैदराबादला निघालात की सोलापूर, उमरगा, हुमनाबाद मागे पडतं आणि झोप मोडता मोडता जहीराबाद येतं. आपल्यातल्या किती जणांनी ही पाटी खिडकीतून पाहिली असेल आणि पुन्हा डोळे मिटले असतील! आज इथे उतरा. पायरीवरून पाय खाली टाकाल तेव्हा साल १९९९ असेल, महिना श्रावणाचा. जिल्हा मेदक, राज्य आंध्र प्रदेश. तेलंगण वेगळं व्हायला अजून पंधरा वर्षं आहेत.

माचनूर गावाची वाट धरा. जमीन तांबडी, मुरमाड. शेतात ज्वारीत तूर, तुरीत मूग, मध्येच राळ्याची कणसं. एकच पीक कुठे दिसायचं नाही. खुरपणाऱ्या बायांच्या ओळीत एक जण खुरपं बाजूला ठेवून बसली आहे. तिच्या मांडीवर टेपरेकॉर्डर आहे. प्ले आणि रेकॉर्ड अशी दोन्ही बटणं ती एकदम दाबते, माइक समोरच्या बाईच्या तोंडापासून वीतभर लांब धरते आणि पदराने वारा अडवते. ते तिला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आधीच्या कॅसेटवर नुसती वाऱ्याची घरघर भरली, म्हणून पदर आडवा आला.

ही संघमची बाई आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी इथे १९८३ पासून दलित, गरीब बायकांबरोबर शेतीचं काम करते. गावोगावी त्यांचे संघम, म्हणजे गट, आहेत. आपल्याला रेडिओ हवा हे या बायांनी युनेस्कोला सांगितलं आणि १९९८ मध्ये माचनूरला स्टुडिओ उभा राहिला. आत जाऊन पाहा. आवाज कोंडणाऱ्या भिंती, मिक्सर, माइक, सगळं आहे. नाही ती फक्त आवाज हवेत सोडण्याची परवानगी. १८८५ च्या तार कायद्यापासून ती किल्ली सरकारकडे आहे.

मग या बाया काय करतात, ते रात्री बघा. जेवणं उरकून संघमची बैठक बसते. मधोमध टेपरेकॉर्डर, भोवती तीसेक बाया, कुणाच्या मांडीवर पेंगलेलं पोर. दुसऱ्या गावची कॅसेट लागते. एक आवाज सांगतो की तुरीचं बी राखेत घोळून ठेवलं की पुरतं. लगेच बैठकीत गलका होतो. नुसत्या राखेने टोके लागतात म्हणे! कोपऱ्यातली एक जण तावातावाने पुढे येते. 'अक्का, माझंही भरून घे.' कडुनिंबाचा पाला उन्हात नव्हे, सावलीत वाळवायचा, आणि टोपली आतून शेणाने सारवायची, एवढं ती एका दमात सांगते आणि लाजून मागे सरकते. उद्या तिचा आवाज तिसऱ्या गावाला जाईल.

मला हा रेडिओ हवेतल्या पुष्कळ रेडिओंपेक्षा खरा वाटतो. ऐकणारी बाई इथे उत्तर देते, आणि तिचं उत्तर हाच पुढचा कार्यक्रम असतो.

परवानगीच्या त्या किल्लीसाठी आता सहा वर्षं आणखी मागे चला. कोलकात्याला, ईडन गार्डन्सवर. २४ नोव्हेंबर १९९३, हिरो कपचा उपान्त्य सामना. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्यात आणि चेंडू सचिनच्या हातात आहे. पुढे काय झालं ते तुम्हाला पाठ आहे. तीनच धावा निघाल्या. पण जरा मैदानावरून नजर काढा आणि कॅमेऱ्यांकडे बघा. हे चित्र कोणी दाखवायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद पेटला आहे. तो सर्वोच्च न्यायालयात जातो. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल येतो: हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारचीही मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्यांचीही नाही. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपले मराठी गृहस्थ. क्रिकेटच्या भांडणातून निघालेला हा निकाल खुरपं धरणाऱ्या बायांच्या हाती हत्यार म्हणून आला.

हत्यार आलं, पण परवानगी आली नाही. जुलै २००० मध्ये माचनूरजवळच्याच पस्तापूरला देशभरातले लोक जमले आणि आकाशवाणी व खासगी वाहिन्या यांच्या जोडीला लोकांचा तिसरा रेडिओ हवा, असं लिहून दिलं. २००२ च्या डिसेंबरात शिक्षणसंस्थांना दार उघडलं. २००४ ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र बोलू लागलं. माचनूरच्या बाया अजून कॅसेटच वाहत होत्या. स्वयंसेवी संस्थांना मुभा मिळाली ती नोव्हेंबर २००६ मध्ये.

मुभेच्या तेव्हाच्या अटीही वाचा. मनोरा जास्तीत जास्त तीस मीटर, निम्मे तरी कार्यक्रम तिथल्या मातीतले, तासाला पाच मिनिटं जाहिराती. आणि बातम्या नाहीत, राजकारण नाही. गाणी चालतील, शेती चालेल, आरोग्य चालेल. पण रेशनवर तांदूळच का येतो, आमची ज्वारी का नाही, हे कुठल्या खणात टाकायचं? इथल्या बायांनी पडीक रानं पिकवून ज्वारीचं स्वतःचं रेशन चालवून दाखवलं आहे. त्या जात्यावर बसल्या तरी राजकारणच दळतात. ही अट मला कधीच पटलेली नाही. आपल्या गावाचा कारभार आपल्या बोलीत ऐकण्यात धोका कसला?

१५ ऑक्टोबर २००८. माचनूरला मांडव पडला आहे, आज ग्रामीण महिलांचा जागतिक दिवस. उद्घाटनाला आलेले पाहुणे कोण, तर तेच, न्यायमूर्ती सावंत. स्टुडिओ सांभाळणाऱ्या दोघींचंही नाव नरसम्मा, म्हणून एक जनरल नरसम्मा आणि दुसरी अलगोल नरसम्मा. दहा वर्षं बटणं दाबून बोटं तयारच होती. फक्त तारेचं दुसरं टोक आज मनोऱ्याला जोडलं गेलं. ९०.४ वर संघम रेडिओ सुरू झाला.

मांडवात थांबू नका. आठवडाभराने, दिवेलागणीला, एका घराच्या ओट्यावर बसा. चुलीपुढे म्हातारी, उंबऱ्यात नात, नातीच्या हातात ट्रान्झिस्टर. काटा सरकतो, खरखर होते आणि मग बोली येते. वर्तमानपत्री तेलुगू नव्हे, या शिवारातली. जुनी कॅसेट लावली आहे. कडुनिंब, सावली, शेणाने सारवलेली टोपली.

नात म्हणते, 'अज्जी, तू!'

म्हातारी भाकरी तव्यावर तशीच सोडून पुढे येते. बैठकीत जशी पुढे आली होती तशीच. शेवटपर्यंत ऐकते. मग तिची चिडचिड होते.

'तळाला राखेचा थर द्यायचा, हे सांगायचं राहिलं. तेव्हापासून डोक्यात आहे. उद्या ती अक्का माइक घेऊन आली की मला शेतातून बोलावून आण.'

तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली आहे.