'भूल' आणि 'बधिरता'

दि. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथील रुग्णालयात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रोग्यास ईथर हुंगविले आणि डॉ. वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. वेदना झाली नाही, असे रोग्याने नंतर सांगितले. पुढच्याच महिन्यात ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी मॉर्टनला पत्र लिहून या अवस्थेस 'ॲनेस्थेशिया' हे नाव सुचविले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ संवेदनेचा अभाव एवढाच. त्यात निद्रा नाही की बेशुद्धी नाही.

१८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी व्हिएन्नात कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला. रोगी जागा, पण वेदना नाही! एका ग्रीक शब्दाने या दोन्ही अवस्था सांगावयाच्या, तर त्यास 'सार्वदेहिक' व 'स्थानिक' अशी विशेषणे जोडणे भाग पडते. मराठीजवळ मात्र दोन शब्द आहेत. शुद्ध हरपवावयाची तर 'भूल देणे'. दाढ काढावयाची तर हिरडी 'बधिर करणे'. संस्कृतातील 'बधिर' म्हणजे बहिरा. मराठीने तो शब्द कानापासून सर्वांगापर्यंत नेला. 'जागेपुरती भूल' असेही आता म्हणतात. परंतु तेथे 'बधिर' हाच शब्द आम्हांस अधिक नेमका वाटतो.

'भूल' या शब्दाला चुकीचाही अर्थ आहे, आणि तो येथे अगदीच अस्थानी नाही. आमच्या हैदराबादेत डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये निजाम सरकारच्या खर्चाने क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोग बसले. श्वासावर लक्ष ठेवले म्हणजे हृदयाची चिंता नको, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी प्रयोगांनी दाखविले की, हलक्या क्लोरोफॉर्मनेही हृदय एकाएकी बंद पडू शकते.

ग्रंथांत आज 'संज्ञाहरण', 'संवेदनाहरण' हे शब्द आढळतात. शास्त्रचर्चेत ते अवश्य असावेत. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर अंगठा उठविणाऱ्या माणसास आपली शुद्ध जाणार की केवळ पाय बधिर होणार, हे कळलेच पाहिजे. 'संज्ञाहरण' एवढेच वाचून दाखविल्याने ते कळत नाही. 'भूल' आणि 'बधिर' म्हटल्याने कळते. परिभाषा घडविणाऱ्यांनी घरचे हे दोन शब्द अडगळीत टाकू नयेत, आणि शिक्षकांनी वर्गात दोहोंतील भेद समजावून द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.