वनमाला : मध्य प्रदेशातून गेलेली ‘श्यामची आई’

‘श्यामची आई’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. साने गुरुजींचं कोकणातलं पालगड, तिथलं गरीब ब्राह्मण घर आणि मुलावर प्रेमानं, पण कडक शिस्तीनं संस्कार करणारी आई. मराठी माणसाला ‘आई’ म्हटलं की जो एक चेहरा आठवतो, तो याच पडद्यावरचा. पण ती भूमिका करणाऱ्या वनमालाबाई कोकणातल्या नव्हत्या, पुण्या-मुंबईच्याही नव्हत्या. त्यांचा जन्म उज्जैनचा, वाढल्या त्या ग्वाल्हेर संस्थानात. म्हणजे आजच्या हिशेबानं त्या आपल्याच राज्याच्या. पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसानं त्यांची ओळख करून घ्यायला हवी, असं मला वाटतं ते याच कारणानं.

मी मूळचा स्थापत्य अभियंता. अठ्ठावीस वर्षं रस्ते आणि कालवे यांच्या कामात गेली. त्यामुळे कुठलाही विषय घेतला की आधी नकाशा उघडायचा, ही सवय काही सुटत नाही. इथेही तेच करू.

चित्रपट आला १९५३ साली. त्या वर्षी पांढुर्णा ‘मध्य प्रदेशा’तच होतं, पण त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भ आणि आपण एकाच राज्यात होतो. ग्वाल्हेर-उज्जैन ‘मध्य भारत’ नावाच्या वेगळ्या राज्यात होते आणि पुणं मुंबई राज्यात. महाराष्ट्र नावाचं राज्य अजून झालंच नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला नकाशा बदलला. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशातच राहिलो, राजधानी भोपाळ झाली आणि ग्वाल्हेर आपल्या राज्यात आलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. सीमेचा दगड हलला म्हणून शेत हलत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पण पुस्तकं मात्र दगड पाहूनच लिहिली जातात. मग वनमालाबाईंसारखी माणसं मधल्या मधे राहतात. मराठी सिनेमाच्या पुस्तकात त्या येतात त्या चित्रपटापुरत्या, आणि मध्य प्रदेशच्या पुस्तकात जन्मगावापुरत्या.

आता त्यांच्याविषयी. मूळ नाव सुशीला पवार, जन्म १९१५ चा. वडील बापूराव पवार शिंदे सरकारच्या ग्वाल्हेर संस्थानात वरिष्ठ अधिकारी होते. उज्जैन-ग्वाल्हेरची मराठी मंडळी शिंद्यांच्या फौजेबरोबर आणि दफ्तराबरोबर तिकडे गेलेली. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, उर्दू. याच मातीत भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी झाले. तेव्हा तिथली मराठी म्हणजे नुसती घरातली कामचलाऊ भाषा होती, असं कुणी समजू नये.

सुशीलाबाई पदवीधर झाल्या. १९३० च्या दशकात संस्थानी अधिकाऱ्याच्या मुलीनं बी. ए. होणं ही मोठीच गोष्ट होती. पुढे त्या पुण्यात शिक्षिका झाल्या. तिथे आचार्य अत्रे यांच्या वर्तुळाशी संबंध आला आणि १९४० साली ‘नवयुग’च्या ‘लपंडाव’मध्ये त्या ‘वनमाला’ म्हणून पडद्यावर आल्या. दुर्गा खोटे, शांता आपटे, लीला चिटणीस यांनी वाट पाडून ठेवली होती, तरी दरबारी घरातल्या शिकलेल्या मुलीनं सिनेमात जाणं तेव्हा सोपं नव्हतं.

दुसऱ्याच वर्षी, १९४१ मध्ये, सोहराब मोदींचा ‘सिकंदर’ आला. पृथ्वीराज कपूर सिकंदर, स्वतः मोदी पोरस आणि वनमालाबाई इराणी रुखसाना. मिनर्व्हा मूव्हीटोनचा हा भव्य पट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. परक्या आक्रमकासमोर ताठ उभा राहणारा राजा इंग्रजांना रुचण्यासारखा नव्हताच. लष्करी छावण्यांच्या भागातल्या काही चित्रपटगृहांत त्यावर बंदी आली. या चित्रपटाची भाषा पाहा. भारदस्त, फारसी वळणाची हिंदी. मराठी घरातली, अवघी एक वर्ष पडद्यावर असलेली बाई अशा चित्रपटाची नायिका होते, यात रूपाचा वाटा असेलच. पण ग्वाल्हेरात कानावरून गेलेल्या हिंदी-उर्दूचाही मोठा वाटा असला पाहिजे, असा माझा तर्क आहे.

त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण या तर्काला बळ देतं. अत्र्यांचा ‘पायाची दासी’ मराठीत आणि ‘चरणों की दासी’ नावानं हिंदीत निघाला. सासू दुर्गाबाई खोटे, छळ सोसणारी सून वनमाला. पार्श्वध्वनीची उसनवारी तेव्हा आजच्यासारखी सर्रास नव्हती. दोन भाषांतला चित्रपट म्हणजे नटनटींनी दोन्ही भाषा स्वतःच्या तोंडानं पेलायच्या. १९४४ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘परबत पे अपना डेरा’तही त्या होत्या. दहा-बारा वर्षं त्या दोन्हीकडे वावरल्या.

आणि मग १९५३. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकावर अत्र्यांनी चित्रपट काढला. गुरुजी १९५० मध्येच गेले होते. श्याम झाला माधव वझे, संगीत वसंत देसाईंचं, आणि आई वनमालाबाई. कालची रुखसाना आज जुनेरं नेसून चुलीपुढे बसली. केंद्र सरकारनं राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू केले तेव्हा १९५३ च्या चित्रपटांतून सर्वोत्कृष्ट कथापटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते याच चित्रपटाला, १९५४ साली. त्याच खेपेला बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं, यावरून स्पर्धा कसली होती ते कळावं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पदक चित्रपटाचं होतं. अभिनेत्रीसाठी राष्ट्रीय पुरस्कार तेव्हा नव्हताच. तो १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिला मान ‘रात और दिन’साठी नर्गिस यांना मिळाला. म्हणून राष्ट्रीय पुरस्काराच्या यादीत पहिल्या ओळीत ‘श्यामची आई’ आहे, पण श्यामच्या आईचं नाव नाही.

पुढे त्या सिनेमापासून दूर झाल्या. उत्तरायुष्यात त्यांचा ओढा वृंदावनाकडे, भक्तीकडे होता. २००७ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ग्वाल्हेरला त्यांचं निधन झालं. ज्या प्रदेशातून निघाल्या तिथेच परतल्या.

आता आपल्याकडे येऊ. ग्वाल्हेरची मराठी आणि आपली मराठी एक नव्हे, हे आधी मान्य करू. त्यांची मराठी दरबाराबरोबर गेली, सहाशे किलोमीटरांहून दूर रुजली. आपली मात्र कुठून आलेली नाही. जाम नदीच्या काठावर, कापसाच्या अन् संत्र्याच्या वावरात ती आधीपासून आहे आणि शंभरेक किलोमीटरवरच्या नागपूरशी बोलण्यानं जोडलेली आहे. पुण्याकडं गेलं की “ही कोणती मराठी?” असं आपल्याला ऐकावं लागतं, आणि भोपाळला गेलं की “आप तो महाराष्ट्र के होंगे” म्हणतात. मी दोन्ही ऐकलंय, तुम्हीही ऐकलं असेल. २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी हा प्रश्न काही सुटलेला नाही. पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी शिकतात, आणि काही घरांत आईबापच आता पोरांशी हिंदी बोलायला लागलेत. दोन भाषांमुळे पोरगं मागं पडेल, अशी भीती त्यामागं असते.

वनमालाबाईंची कारकीर्द या भीतीच्या उलट साक्ष देते. हिंदी आली म्हणून त्यांची मराठी पातळ झाली नाही. घरची मराठी राखली म्हणून त्यांचं हिंदीतलं दार बंद झालं नाही. रुखसानाही त्याच, श्यामची आईही त्याच. दोन्ही भूमिका एकाच बाईला जमल्या, कारण ती दोन भाषांच्या घरात वाढली होती. आपल्या पोरांच्या घरात आजही तीच शिदोरी आहे.

एक काम मात्र आपल्याला लगेच करता येईल. ‘श्यामची आई’ लागला तेव्हा जी माणसं दहा-बारा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या पुढे आहेत. पांढुर्णा, सौंसर, मोहगाव भागात कुणी तो तंबूत, टॉकीजमध्ये किंवा नागपूरला जाऊन पाहिला असेल, तर त्यांना विचारा. कुठे पाहिला, कुणाबरोबर, तिकीट किती, बायका रडल्या का. कुणाच्या ट्रंकेत जुनी जाहिरात किंवा गाण्यांची पुस्तिका असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. वनमालाबाईंचा इतिहास इतरांनी थोडाफार लिहिला आहे. आपल्या गावानं तो चित्रपट कसा पाहिला, हा इतिहास फक्त आपणच लिहू शकतो, आणि सांगणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत.